गुणगुणणारी मोटर

मोटर फिरली नाही की नवशिक्याचा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर. "सर, हा उडालाय, दुसरा द्या." मी देत नाही. आधी बोट लावून बघायला सांगतो. चटका बसला तर तो बहुधा जिवंत आहे, फक्त अर्धवट उघडलाय.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून मुलं आणतात तो माल जवळपास ठरलेला: आर्डुइनो, ब्रेडबोर्ड, खेळण्यातली तीन व्होल्टची मोटर, दोन पेन्सिल सेल आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. बेसला दहा किलोओहमचा रेझिस्टन्स, कारण पाकिटात तोच हाताला लागतो. आता हिशेब करा. पाच व्होल्टमधून बेस-एमिटरचे ०.७ गेले की बेसमध्ये जेमतेम ०.४३ मिलिअँपिअर शिरतो. गेन २०० धरला तरी कलेक्टरला ८६ मिळतात. मोटरीला चालताना अडीचशे लागतात, सुटताना त्याच्या कितीतरी पट, कारण थांबलेल्या मोटरीत उलटा व्होल्टेज तयारच झालेला नसतो. करंटला अडवते ती फक्त गुंडाळीची तार. तेवढा करंट मिळत नाही म्हणून मोटर नुसती गुणगुणते. बोटाने ढकलली तर कण्हत फिरतेही, आणि मग पोरं मोटरीलाच नावं ठेवतात.

मीटरचा लाल प्रोब कलेक्टरवर, काळा एमिटरवर; मोटर जोडलेलीच हवी. मोटर काढून घेतलेलं रीडिंग इथे फारसं काही सांगत नाही. आकडा ०.२ च्या आसपास आला तर ट्रान्झिस्टर नीट उघडलाय, सेल तपासा. अडीच आला तर तीनातले अडीच व्होल्ट तोच खातोय, चटका त्याचाच. स्विच म्हणून वापरताना गेनचा तो २०० चा आकडा विसरायचा आणि कलेक्टरच्या करंटचा दहावा-विसावा हिस्सा बेसला द्यायचा. पण बीसी ५४७ ची मर्यादाच १०० मिलिअँपिअर, त्यामुळे नुसता रेझिस्टन्स कमी करून भागत नाही. टू-एन-२२२२ घ्या, बेसला ३३० ओहम लावा. १३ मिलिअँपिअर जातो, तेवढा आर्डुइनोच्या पिनला झेपतो. (प्लास्टिकच्या टू-एन-२२२२ मध्ये पायांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. डेटाशीट बघितल्याशिवाय खोचू नका.)

मोटरीला समांतर १एन४००७ डायोड, पट्टा प्लसकडे. तो न लावताही सर्किट चालतं, म्हणूनच पोरं तो गाळतात. ट्रान्झिस्टर बंद होताना गुंडाळीतला करंट वाट शोधतो, कलेक्टरवरचा व्होल्टेज उसळतो, आणि एखाद्या दिवशी ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन मोटर बंदच होत नाही.

राहिला तिसरा आकडा: पूर्ण तीन व्होल्ट, ट्रान्झिस्टर गार, मोटर मुकी. इथे पोरं हमखास प्रोग्रॅम उघडून बसतात. काळा प्रोब आर्डुइनोच्या ग्राउंडवर ठेवून बेस मोजला तर चक्क पाच व्होल्ट दिसतात, म्हणजे पिन आपलं काम करतेय. तोच प्रोब एमिटरवर नेला की शून्य. सेलची मायनस आणि आर्डुइनोचं ग्राउंड यांची गाठच पडलेली नसते. बेसमधून गेलेल्या करंटला परतायला रस्ता नाही. मी काही बोलत नाही, दोन्ही रीडिंग त्यांनाच घ्यायला लावतो. मग कुणीतरी एक काळी वायर उचलतं.