तावदानांचा कारभार

गोविंदपुरा, भोपाळ
आश्विन मास

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पोचले. पुण्यात घरोघरच्या आणि कचेऱ्यांच्या काचा स्वच्छ करून देणारी एक मंडळी काढावी, मागणी मोबाइलवरून नोंदवून घ्यावी, माणसे तुझ्या मंडळीचा सदरा घालून जावीत आणि दर खिडकीमागे त्यांना ठराविक मेहनताना मिळावा, हा तुझा बेत वाचला. आणि ‘मामा, तुमच्याकडे ही माणसे काय रोजाने येतात, तेवढे कळवा’ ही अखेरची ओळही वाचली. एका आकड्यात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण ही माणसे रोजाने येतच नाहीत, आणि ज्या अर्थी ती रोजाने येत नाहीत त्या अर्थी तुझ्या बेताचा पायाच एकदा तपासून पाहणे भाग आहे.

आमचा गोविंदपुरा हा मुळी पगाराच्या तारखेवर उभा राहिलेला मुलूख. 1956 साली ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्याने येथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, 1974 साली ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली, आणि त्या एका कारखान्याच्या आश्रयाने पिपलानी, बरखेडा यांसारख्या वसाहती, शेजारच्या औद्योगिक क्षेत्रातले लहानमोठे पूरक कारखाने आणि तुझ्या मामासारखी, महाराष्ट्रातून आलेली कित्येक कुटुंबे येथे रुजली. भोंगा झाला की निघावे, हजेरी लावावी, आजारी पडल्यास कस्तुरबा रुग्णालयात रीतसर नोंद व्हावी, भविष्यनिर्वाह निधीची कपात दरमहा आपोआप व्हावी, अशा रीतीने आमच्या साऱ्या आयुष्याचा जमाखर्च दुसऱ्या कोणीतरी मांडला. आम्ही खाली सही तेवढी केली. म्हणूनच की काय, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून मी या बाजूला घर बांधले आणि दिवाळीपूर्वी काचा पुसायला येणाऱ्या दोघा भावांशी माझा परिचय झाला, तेव्हा कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसलेला मनुष्य आपला दिवस कसा चालवतो, याचे मला मोठे कुतूहल वाटू लागले.

हे दोघे सागरकडचे. चौकातल्या पीठ्यावर, म्हणजे आपण ज्याला मजूर अड्डा म्हणतो तेथे, सकाळी उभे राहून मुकादमाची वाट पाहण्याचे दिवस थोरल्याने पूर्वी काढले आहेत. आता त्यांच्यापाशी एक जुनी मोटारसायकल, एक घडीची शिडी, लांबवता येणारा दांडा, दोन बादल्या आणि कापडी पिशवीत एक वही एवढी दौलत आहे. त्या वहीत गिऱ्हाइकांची नावे नाहीत. ‘नीला गेट’, ‘कुत्तेवाले’, ‘अस्पताल के पीछे, दूसरी मंज़िल’ अशा नोंदी आहेत, आणि तुझा मामा त्या दप्तरात ‘आम का पेड़’ या नावाने दाखल आहे. नोंदीपुढे मागल्या वर्षीचा भाव आणि एखादी खूण असते; ती खूण कशाची म्हणून विचारले, तर पैसे त्याच दिवशी मिळाले की फेऱ्या घालाव्या लागल्या याची.

काचा पुसण्याविषयी तुझ्या आईला विचारशील तर ती रद्दीचा बोळा आणि ओले फडके सांगेल. घरच्या आरशाला तो मार्ग उत्तम आहे. पण आमच्या औद्योगिक क्षेत्रातून लोखंडाचा बारीक कीस मिसळलेली जी धूळ उडते, ती कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याखाली सापडली तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. म्हणून हे भाऊ प्रथम सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या रुळांतली माती कोरड्या ब्रशाने काढतात (ती आधी भिजली तर चिखल होतो आणि मग तो तासभर निघत नाही), जाळ्या उतरवून अंगणात धुवायला टाकतात, बादलीत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ बोळ्याने काच सढळ हाताने भिजवतात, आणि त्यानंतरच वायपर हाती घेतात. पितळी मुठीचे आणि एकाच रबरी पट्टीचे हे हत्यार इटलीहून अमेरिकेत जाऊन काचा पुसण्याचाच धंदा करणाऱ्या एत्तोरे स्टेकोने याने 1936 साली पेटंट घेऊन रूढ केले. त्यापूर्वीची अवजारे जड असत. धाकटा काचेच्या वरच्या कडेला एक पट्टा कोरडा करून घेतो आणि तेथून हात न उचलता, डावीकडून उजवीकडे व पुन्हा उजवीकडून डावीकडे वळणे घेत, खालच्या चौकटीपर्यंत एका दमात येतो. रबराला केसाएवढी जरी खाच पडली तरी काचेवर पाण्याची एक रेघ मागे राहते. मग पट्टी उलटवावी लागते किंवा नवी घालावी लागते.

पाणी आणि ऊन हे या धंद्याचे दोन खरे सावकार आहेत. बोरच्या पाण्यात क्षार फार. ते काचेवर वाळले तर पांढरे ठिपके धरतात आणि तेच ठिपके दाखवून गिऱ्हाईक पैसे कापते, म्हणून नळाचे पाणी आहे का, हा यांचा पहिला प्रश्न असतो. उन्हात तापलेल्या काचेवर साबण पाहता पाहता सुकतो. तेव्हा पूर्वेच्या खिडक्या दुपारी आणि पश्चिमेच्या सकाळी, हा त्यांचा शिरस्ता. पाहुणे यायचे आहेत, पूर्वेकडची बैठकीची खोली आधी उरका, असे मी एकदा सकाळी फर्मावले, तर थोरला अत्यंत विनयाने पण ठामपणे म्हणाला, “बाबूजी, धूप में नहीं होगा।” आयुष्यभर साहेबाच्या फर्मानापुढे मान डोलावलेल्या मला त्या वाक्यातल्या ‘नाही’ची अपूर्वाई वाटली, हे तुला सांगण्यास संकोच नाही.

भाव ठरवणे हा मामला मात्र सर्वांत नाजूक. थोरला घराभोवती एक फेरी मारतो. झडपा मोजतो, गजांमागून हात पोचेल की नाही ते पाहतो, छज्ज्यावर शेवाळ आहे का ते न्याहाळतो, नुकतीच पुताई, म्हणजे रंगसफेदी, झाली असेल तर काचेवरच्या चुन्याच्या आणि रंगाच्या थेंबांकडे पाहून किंचित मान हलवतो, कारण ते थेंब पात्याने खरवडावे लागतात आणि काचेवर ऊन अडवणारी फिल्म असेल तर पाते लावताही येत नाही. मग तो एक ठोक रक्कम सांगतो. येथे गृहस्थाचा चेहरा बदलतो. पीठ्यावरच्या मजुराच्या रोजाशी तो ती रक्कम ताडून पाहतो, आणि ‘खिडक्या पुसण्याचे मागतोस की खिडक्यांचे?’ असा काही विनोद करून निम्म्यावर उतरतो. त्या रकमेत पेट्रोल आहे, रबर आहे, चातुर्मासातले पावसात बुडालेले दिवस आहेत, ‘आज नको, परवा या’ म्हणून फुकट गेलेल्या खेपा आहेत, आणि बाजारपेठेतल्या ज्या दुकानदाराने महिन्यामागून महिने दर्शनी काच पुसून घेतली व हिशेबाच्या दिवशी ‘शेठ बाहेर गेले आहेत’ असे नोकराकडून सांगवले, त्याचे बुडीत खातेही आहे. काच पुसण्याचे काम दिवसातून चार-पाच तासांचे. काम मिळवणे, भाव पटवणे आणि तगादा लावणे, हा उरलेल्या वेळचा कारभार. मुनीम, मुकादम आणि हमाल हे तिन्ही हुद्दे एकाच अंगावर वागवणाऱ्या मनुष्याला आपण मजूर समजतो, ही आपली हिशेबातली चूक आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात या कसबाला जागाच नव्हती, कारण वाड्यांच्या खिडक्यांना गज होते, लाकडी झडपा होत्या, तावदाने क्वचित. आपल्याकडची काच म्हणजे आरसा, बांगडी आणि कंदील. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी पैसा गोळा करण्याची जी मोहीम काढली, त्या पैसाफंडातून तळेगावचा काच कारखाना 1908 साली निघाला. पुढे 1916 साली ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. त्याची काच रोज सांजवेळी राखेने उजळण्याचे काम तुझ्या आजीने माझ्याकडे सोपवले होते. बलुतेदारांत परीट आला, न्हावी आला. काच पुसणारा कोठून येणार? परंतु 2023 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात अठराच व्यवसाय घेतले. त्यांत धोबी आहे, न्हावी आहे, होड्या बांधणारा आणि हार गुंफणाराही आहे. उंच इमारतींच्या भिंतीच काचेच्या होऊ लागलेल्या या काळात काच पुसणारा मात्र त्या यादीबाहेर राहिला.

याचा परिणाम कोठे दिसतो, ते सांगतो. गेल्या मोसमात एका बंगल्याच्या ओल्या छज्ज्यावरून थोरल्याचा पाय घसरला आणि मनगट मोडले. गृहस्थाने रिक्षाचे भाडे दिले आणि दार लावून घेतले. 1923 साली झालेल्या कामगार भरपाईच्या कायद्याने कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली खरी, पण येथे मालक कोण? तोच. पंतप्रधान सुरक्षा विमा त्याने उतरवलेला आहे, वर्षाला वीस रुपयांचा; तो अपघाती मृत्यू आला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात गेले तर दोन लाख देतो, एक डोळा, हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख देतो, परंतु प्लॅस्टर घालून घरी बसलेल्या दसऱ्या-दिवाळीच्या तोंडच्या आठवड्यांचे तो काही देत नाही. असंघटित कामगारांसाठी 2019 साली निघालेल्या निवृत्तिवेतनाच्या योजनेत नाव घालावे म्हटले, तर तिची वयोमर्यादा अठरा ते चाळीस, आणि हा चाळिशीपुढे गेलेला. धाकट्याने शेजारचा एक पोरगा हाताशी धरून मोसम कसाबसा तडीस नेला.

आता तुझ्या बेताकडे वळतो. तू मागणी आयती पुरवशील आणि तगादाही तूच लावशील, हा लाभ खरा आहे. शेठ बाहेर गेल्याचे ऐकण्यातून ही माणसे सुटतील. परंतु दर खिडकीचा भाव पुण्यात बसून तू ठरवलास की चुन्याच्या थेंबांचे, शेवाळलेल्या छज्ज्याचे आणि क्षाराच्या पाण्याचे मोल ठरवण्याचा त्यांचा अधिकार गेला. आणि वेळ मोबाइलने नेमून दिली की ‘उन्हात होणार नाही’ म्हणण्याचाही गेला. हे दोन्ही अधिकार घेऊन मोडलेल्या मनगटाचा प्रसंग आला की तूही जर त्यांना ‘तुम्ही तर आमचे भागीदार, नोकर नव्हे’ असे सांगणार असशील, तर मालकीचे सुख तुझे आणि मालकीची जोखीम त्यांची, अशी ही वाटणी होईल, आणि तिला माझी संमती नाही. मालक व्हायचे तर पुरता हो: वेतन, रजा आणि दवाखाना यांसह. ते झेपत नसेल तर केवळ गाठ घालून देणारा दलाल राहा, दलालीचा दर उघड सांग, आणि भाव त्यांचा त्यांना करू दे. मधला मार्ग सोयीचा आहे एवढेच.

थोरल्याचे मनगट आता बरे आहे. परवा दोघे येऊन गेले. ताईस नमस्कार सांग. आणि तुझ्या करारनाम्याचा मसुदा तयार झाला की मला धाड. अपघाताचे आणि पैसे देण्याच्या मुदतीचे अशी दोन कलमे मी प्रथम वाचीन, बाकीचे सवडीने.

तुझा,
मामा