कूलरच्या जिल्ह्यात स्प्लिट एसी

एसी घ्यायचा विचार सुरू झाला की भंडाऱ्याचा माणूस मे महिना डोळ्यांसमोर धरतो. नवतपा, पंचेचाळीस डिग्री, दुपारी ओस पडलेला मोठा बाजार. माझं म्हणणं उलट आहे. मे महिना कूलरचा. एसीची खरी गरज लागते ती मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर. तेव्हा कूलर हवा तर फेकतो, पण अंग चिकटच राहतं आणि गादीला ओल धरते. हा चिकट काळ सप्टेंबरपर्यंत चालतो, मधेमधे ऑक्टोबरातही. एसी घ्यायचा तर या महिन्यांचा हिशेब मांडून घ्यावा. टनाचा, जागेचा, स्टारचा प्रत्येक निर्णय मग थोडा वेगळा येतो.

*

मे महिना कूलरचा का, याचं गणित ओल्या फडक्यात आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली कुठलाच कूलर हवा नेऊ शकत नाही. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा आकडा सुमारे २३ येतो. चांगलं गवत भरलेला कूलर त्या अंतराचा तीन चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे खोलीत २८-२९ ची हवा येते. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते. ओल्या फडक्याचा आकडा २८. आता कूलर कितीही मोठा आणा, फरक पडणार तीन अंशांचा, वर आणखी ओल.

म्हणून ४४ मध्ये जो कूलर देव वाटतो, तोच ३२ मध्ये नुसता आवाज करतो.

*

कूलर पितो पाणी, एसी पितो वीज. पण कूलरच्या पाण्याची ताकद आपण कमी लेखतो. दर तासाला साधारण पाच लिटर पाण्याची वाफ झाली की एक टनाच्या एसीइतकी उष्णता हवेतून निघून जाते. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉटच्या आसपास. तेवढंच काम करायला एसीला हजाराच्या घरात वॉट लागतात. अर्थात टाकीत पाणी असेल तर. तलावांचा जिल्हा, कोहळी मालगुजारांनी बांधलेले तलाव, दारात वैनगंगा, खाली गोसीखुर्दचं धरण. तरी मे महिन्यात नळ किती वेळ येतो ते ज्याच्या त्याच्या मोहल्ल्यावर आहे. उन्हाळी धानाच्या बांध्यांत पाणी उभं आहे आणि घरच्या टपात नाही, हे दृश्य इथे नवलाचं नाही.

कूलर आणि एसी दोन्ही एकदम लावणारे लोकही आहेत. तसं करू नये. कूलरला हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागते, एसीला बंद खोली. एकाने ओल आत आणायची आणि दुसऱ्याने तीच वीज खर्चून बाहेर काढायची.

*

आधी छत, मग एसी. हे मी दुकानात गेलेल्या प्रत्येकाला सांगतो आणि कोणी ऐकत नाही, कारण छत दाखवता येत नाही, एसी दाखवता येतो.

वरच्या मजल्यावरचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत खोलीत सोडत राहतो. एसीला हवा गार करायला फार वेळ लागत नाही, तो रात्रभर झुंजतो या सिमेंटशी. स्लॅबवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग, नाहीतर शेतातली हिरवी जाळी दोन हात उंच बांधून सावली. खर्च एसीच्या मानाने किरकोळ. काहीजण तणीस पसरतात. उन्हाळ्यात वाळलेली तणीस आणि वरून गेलेली वायर यांचा शेजार मला बरा वाटत नाही. बारदाना ओला करून टाकणं त्यापेक्षा चांगलं.

जुनी कवेलूची घरं या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. जाड मातीची भिंत, वर माळा, माळ्यावर कवेलू. ऊन माळ्यापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं.

*

पण त्याच कवेलूच्या घरात एसी बसवणं ही वेगळीच कसरत. कवेलूच्या फटींतून गार हवा वर निघून जाते, त्यामुळे एक खोली निवडून तिला आधी सीलिंग करावं लागतं. माळा असेल तर फळ्यांच्या सांधी बुजवून भागतं. दारखिडक्यांच्या फटी वेगळ्या.

दुसरं, मातीच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. आज घट्ट वाटतो, पावसाळ्यात भिंत ओलावली की सैल. इनडोअरसाठी भिंतीला आधी लाकडी चौकट लावावी, आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी द्यावी. आउटडोअर तर भिंतीला टांगूच नये. जमिनीवर सिमेंटचा ओटा करून त्यावर स्टँड ठेवावा, अंगणात पाणी साचतं त्या पातळीच्या वर. लाकडी चौकटीला उधळी लागते हे लक्षात ठेवून आधीच औषध मारावं.

*

एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवताना जेवढी उष्णता ओढली जाते तेवढी : तासाला १२,००० बीटीयू, साडेतीन किलोवॉट. अमेरिकेतल्या बर्फाच्या धंद्यातून आलेलं हे माप तुमसरच्या दुकानातल्या पोऱ्यालाही तोंडपाठ आहे. दहा बाय बाराच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीला एक टन पुरतो. तीच खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीची असेल तर दीड.

पण खोक्यावरचा टन बाहेर ३५ अंश असतानाचा असतो. आपल्याकडे ३५ ही मे महिन्यातली सकाळ आहे. बाहेर ४५ झाले की तोच एसी कमी थंडी देतो आणि जास्त वीज खातो. कंपनीच्या पत्रकात बारीक अक्षरांत ४६ किंवा ४८ अंशांची क्षमता दिलेली असेल तर ती बघावी. '५२ डिग्रीतही चालतो' याचा अर्थ फक्त बंद पडणार नाही एवढाच. किती थंड करेल, हे त्यात नाही.

५२ वरून आठवलं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि सगळीकडे बोंब झाली. हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण तेवढ्या दोन दिवसांत एसीच्या दुकानांत जी गर्दी झाली असेल ती खरीच.

*

स्टारचं लेबल वाचताना एक गंमत दिसते. वर्षाची युनिटं जी छापलेली असतात ती १६०० तासांची, आणि तो हिशेब २४ ते ४३ अंश या तापमानांवर बेतलेला. म्हणजे ज्या दिवसांसाठी आपण एसी घेतो असं म्हणतो ते चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे दिवस त्या हिशेबात नाहीतच. हेही मे महिना सोडून विचार करायला एक कारण.

चार महिने रोज रात्री आठ तास धरले तर साधारण साडेनऊशे तास होतात. म्हणजे लेबलवरच्या युनिटांना ०.६ ने गुणायचं. समजा तीन स्टारवर १००० लिहिलंय आणि पाच स्टारवर ७५०. आपल्या वापरात फरक पडतो दीडशे युनिटांचा, तोही अख्ख्या वर्षात. पाच स्टारसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. मी तीन स्टारचा इन्व्हर्टर घेऊन उरलेले पैसे छतावर घालीन. दिवसभर लावणारं घर असेल, वरच्या मजल्यावर दुकान-ऑफिस असेल, तर मात्र पाच स्टार.

महावितरणच्या बिलात १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे आहेत. तीनशे ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात असा समज आहे. तसं नाही, तीनशेच्या वरचीच महाग होतात. तरीही एसीच्या महिन्यात बिल उघडताना घरातला कर्ता माणूस जरा बाजूला जाऊन उघडतो.

एक जुना स्टिकर बघून फसू नये. १ जुलै २०२२ पासून निकष कडक झाले, तेव्हा कालचा पाच स्टार दुसऱ्या दिवशी चार झाला. गोदामात पडलेला माल विकणारा हे सांगेलच असं नाही.

*

वायरिंग. इथे मी थांबून लिहितो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर या गावात विजेच्या उपकरणाबद्दल कोणी 'चालतं जी' म्हणालं की मला ऐकवत नाही.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात सात अँपिअरच्या आसपास घेतो. मुख्य बोर्डापासून त्याची स्वतःची तांब्याची वायर, अडीच चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर चारची, आणि स्वतःची एमसीबी. कूलरच्या, मिक्सरच्या लाईनवर जोड नको. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते पाहावं. एक किलोवॉट असेल तर आधी अर्ज करून वाढवून घ्यावा. मोहल्ल्यात पाच घरांनी न सांगता एसी लावले की उन्हाळ्यात डीपी उडते आणि मग सगळेच हातपंखा घेऊन अंगणात.

अर्थिंग विसरलं जातं. कोळसा-मिठाचा खड्डा पावसाळ्यात ठीक असतो, मे महिन्यात माती कोरडी होऊन तो नावापुरता उरतो. अधूनमधून त्यात बादलीभर पाणी घालावं.

व्होल्टेज संध्याकाळी पडतं. इन्व्हर्टर एसी हळूहळू सुरू होतो, त्यामुळे जुन्या मशीनसारखा पहिला झटका घेत नाही. पण गावाच्या टोकाच्या घराने एकदा संध्याकाळी सातला मीटर लावून बघावं आणि मगच स्टॅबिलायझरचं ठरवावं.

*

आउटडोअर कुठे लावायचा यावर नवराबायकोत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाद होतात. उत्तर किंवा पूर्वेची भिंत, वर छज्ज्याची सावली, समोर मोकळी जागा. अंगणातल्या बंद कोपऱ्यात लावला की स्वतःचीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. लोखंडी जाळीच्या पेटीत कोंडला तरी तेच. आणि तोंड शेजाऱ्याच्या कूलरकडे असेल तर तुमची सगळी गरमी त्याच्या घरात जाते. एका गल्लीत मी यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं पाहिलं आहे, आणि दोष कूलरवाल्याचा नव्हता.

वानरांचा कळप येतो अशा ठिकाणी पाइपावरचं काळं फोम टिकत नाही. वरून पीव्हीसीचा पाइप चढवावा. भिंतीतलं भोक नीट बुजवावं. पाली आत शिरतात आणि सर्किटच्या पाटीवर जळून मरतात. पाल जाते आणि तिच्याबरोबर पाटीही जाते.

*

बसवायच्या दिवशी घरी थांबावं. तीन गोष्टी पाहाव्या.

भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं आहे का. नाहीतर जुलैत पाणी आत येतं. पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते पाणी कुंडीला घालावं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालणारे आहेत, पण ते कॉइलवरून येताना धूळ आणि धातू घेऊन येतं, बॅटरीला नको.

पाइपाच्या टोकाचं फ्लेअर स्वच्छ, चीर न पडता झालंय का. बऱ्याच गॅसगळत्या इथून सुरू होतात.

आणि व्हॅक्यूम. मेकॅनिकच्या पिशवीत पंप नसेल तर तो म्हणेल, "काकाजी, याले पंप नाही लागत जी, थोडा गॅस सोडला का हवा निंघून जाते." हवा निघते, ओल निघत नाही. तीच ओल पुढे तेलात मिसळून कॉम्प्रेसर खाते. पंप लावून पंधरा-वीस मिनिटं चालवायला सांगावं. त्याची वेळ जाते म्हणून तो कुरकुरेल. चहा द्यावा, पण पंप लावूनच घ्यावा.

*

'दरवर्षी गॅस भरून घ्या' म्हणणाऱ्याला निरोप द्यावा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरला तर पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा येतो.

नव्या मशीनमध्ये बहुधा आर-३२ असतो, तो किंचित पेट घेऊ शकतो. काहींत प्रोपेन, म्हणजे आपल्या शेगडीच्याच गॅसमधला एक भाग, तोही अगदी थोडा. दोन्ही वेळी बंद खोलीत गॅसची जोडणी सोडताना विडी पेटवलेली नको, एवढी शिस्त तरी हवीच.

*

'हॉट अँड कोल्ड' घ्यायचा का? तोच एसी उलटा फिरवून हिवाळ्यात बाहेरची ऊब आत ओढतो. साध्या हीटरपेक्षा तिप्पट काम त्याच विजेत होतं हे खरं. अमेरिकेतल्या मेन राज्यात तर याच यंत्रांनी, म्हणजे हीट पंपांनी, घरं गरम करायचं सरकारी धोरण आहे, एक लाख हीट पंपांचं २०२५ चं उद्दिष्ट त्यांनी २०२३ मध्येच गाठलं. पण तिथे बर्फ पडतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्रींची, आणि तेवढ्याला शेकोटी आणि गोधडी पुरते. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं म्हातारं माणूस असेल तरच त्या जास्तीच्या पैशांचा विचार करावा.

*

सोलरचं : फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. पॅनेल वीज देतं दुपारी, एसी लागतो रात्री. नेट मीटर असेल तर दिवसाची वीज रात्रीच्या खात्यात वळती होते, त्यामुळे जमतं. एक जोडफायदा कोणी सांगत नाही : पॅनेलखालच्या स्लॅबवर सावली पडते.

*

देखभाल घरच्या घरी. आतली जाळी दर पंधरवड्याला काढून नळाखाली धुवावी. आउटडोअरची पत्री वर्षातून दोनदा, वीज बंद करून, साध्या पाइपाच्या पाण्याने, फार जोर न लावता. पत्री वाकली की हवा अडते. राइस मिलच्या जवळ राहणाऱ्यांनी दोनदा नव्हे, धान भरडण्याच्या हंगामात दर महिन्याला. कोंड्याची धूळ आणि तुसाची राख पत्रीच्या फटींत अशी बसते की मे महिन्यात मशीन 'गॅस कमी झाला' असं वागतं. बोलावलेला मेकॅनिक गॅस भरून जातो आणि धूळ तशीच राहते.