धोटा, पाटी आणि जमीन

अस्मितेचे राजकारण हे भाकरीच्या प्रश्नावरून लक्ष उडविण्यासाठी केले जाते, असे विधान मराठी वैचारिक लेखनात वरचेवर आढळते. या विधानात तथ्य आहे. परंतु ते जितक्या सहजपणे केले जाते तितके ते निर्दोष नाही. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला, तर या विधानाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच भूमीवर पाहता येतात.

आधी मर्यादा. गिरणीच्या विणकाम खात्यात धोट्यातील कांडी बदलली की नव्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एका धोट्याला अनेकांचे ओठ लागत. म्हणून अस्पृश्य कामगाराला या खात्याचे दार बंद होते. विणकामाची मजुरी कताईपेक्षा अधिक होती. म्हणजे विटाळाची कल्पना ही येथे केवळ धार्मिक समजूत नव्हती. तिचा हिशेब दरमहा पगारात होत होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला, तेव्हा तो कामगारांची एकजूट फोडणारा प्रश्न नव्हता. एकजूट आधीच फुटलेली आहे, हे दाखविणारा तो प्रश्न होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. सन्मान आणि मजुरी या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत, हे भान त्या एकजुटीमागे होते. त्याहीपूर्वी महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा शोध घेताना धर्मविधींचा खर्च आणि सरकारी सारा एकाच लेखणीने तपासला होता. संस्कृती आणि अर्थकारण यांचे दोन वेगळे कप्पे त्यांनी केले नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही हे कप्पे नव्हते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांना ऐकायला जमणारा श्रोता एकाच वेळी मराठी होता आणि कामगारही होता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी, म्हणजे कामगार दिनीच, अस्तित्वात आले. एका तारखेने दोन अर्थ धारण केले. त्यांतील एका अर्थाचे संचलन होत राहिले आणि दुसरा हळूहळू विस्मरणात गेला, ही पुढच्या काळाची कथा आहे.

१९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. मुंबईतील नोकऱ्यांत मराठी तरुणाला स्थान का नाही, हा तिचा आरंभीचा प्रश्न खोटा नव्हता. त्यामागचे दुःख खरे होते आणि म्हणूनच त्याला प्रतिसाद मिळाला. मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरात भांडवलाचा मालक कोठे नव्हता. शेजारच्या टेबलावर बसलेला दाक्षिणात्य कारकून होता. विचलनाची क्रिया येथे दिसते. खऱ्या दुःखाला चुकीचा पत्ता दिला जातो. दुःख खरे असल्यामुळे पत्ता तपासण्याची गरज कोणास वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाची विधिवत सांगता कधी झालीच नाही. तो विरत गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीपैकी स्थूलमानाने एकतृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एकतृतीयांश मालकांसाठी अशी वाटणी सुचविली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शहर दंगलींत होरपळले. सुमारे ९०० माणसे मारली गेली. १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. २००१ मध्ये त्या वाटणीच्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीस फक्त रिकामी जमीन उरली. जिच्यावर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली. नामांतराचा क्षण लाखोंच्या स्मरणात आहे. दुरुस्तीचा क्षण वकील, वास्तुविशारद व मूठभर कार्यकर्त्यांच्या. या सर्वांमागे कोणाचा एकच कट होता असे म्हणण्याचे कारण नाही. दंगलीस नारा पुरतो आणि नामांतरास अभिमान. नियमावलीतील एका शब्दाचा अर्थ कळण्यास मात्र निवांतपणा लागतो. भयभीत आणि बेकार माणसाजवळ तोच नसतो. पाटीवरचे नाव मराठी झाले आणि पाटीखालची जमीन मराठी कामगाराच्या हातून गेली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकातील चाळीतले कुटुंब या दोन घटनांच्या मधल्या पोकळीत लोंबकळते आहे.

ही पोकळी गिरणगावापुरती नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मराठीच्या विभागांतून त्याचा आनंद झाला आणि तो रास्तही आहे. पण याच विभागांतून अनेक पदे रिक्त असतात. ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकविणारा अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत त्याला मानधन नसते आणि पुढच्या जूनची खात्रीही नसते. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन बहुधा त्याच्याकडेच येते. भाषेच्या गौरवावर तो उत्तम बोलतो. भाषा शिकविणाऱ्याच्या वेतनाविषयी मात्र व्यासपीठावर तोही बोलत नाही आणि त्याच्यासमोर बसलेले कायम सेवेतील प्राध्यापकही बोलत नाहीत.

म्हणून अस्मितेचा प्रत्येक प्रश्न हा भुलावा आहे असे मानणे म्हणजे धोट्यावरचा विटाळ विसरणे होय. आणि अस्मितेचा प्रत्येक विजय हा लाभ आहे असे मानणे म्हणजे जमीन विसरणे होय. कोणत्याही सांस्कृतिक मागणीस विचारण्याजोगा प्रश्न साधा आहे : ही मागणी मान्य झाल्यावर कोणाच्या हाती काय येते आणि त्याच सुमारास कोणाच्या हातून काय जाते? विणकाम खात्याचे दार उघडण्याच्या मागणीला या प्रश्नाचे भय नव्हते. साहित्याच्या वर्गात अस्मिता ही संज्ञा शिकविताना तिच्या शेजारी वेतन, घर आणि जमीन हे शब्दही फळ्यावर लिहिले गेले, तर अभ्यासकाला हा प्रश्न विचारण्याची सवय लागेल. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या बाबतीत तो विचारण्यास विभागाबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही.