तिकीट बोरिवलीचं, ट्रेक जंगलातला

जुलै उजाडला की न्यूज चॅनलवर एक पट्टी हमखास सरकते : 'तुळशी तलाव ओव्हरफ्लो!' आपण चहाचा घोट घेत म्हणतो, चला, यंदा पाणीकपात टळली. पण हा तुळशी तलाव आहे कुठे, असं ऑफिसात विचारून बघा. कुणी शहापूर सांगेल, कुणी थेट इगतपुरी. उत्तर आहे, बोरिवली. तुम्ही रोज ज्या हायवेवर ट्रॅफिकला शिव्या घालता, त्याच्या पलीकडच्या डोंगरात.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं नॅशनल पार्क, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. शाळेच्या सहलीत वाघ-सिंह पाहिले, छोट्या गाडीत बसलो, डबा खाल्ला, एवढ्यावरच बहुतेकांची ओळख संपते. खरं तर इथे सोप्या पायवाटांचा मस्त मेनू आहे. रॉक क्लायंबिंग नाही, टेन्ट नको, शुक्रवारी रात्री बस पकडायची घाई नाही. रविवारी सकाळी निघा, दुपारच्या जेवणाला घरी!

स्टार्टर : गांधी टेकडी

आठवडाभर खुर्चीला चिकटलेल्या पाठीसाठी हा उत्तम वॉर्म-अप. मुख्य गेटमधून आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर ही टेकडी आहे, माथ्यावर गांधी स्मारक आहे. चढ इतका बेताचा की गप्पा न थांबवता वर पोचता येतं. वरून एका बाजूला टॉवर दिसतात, दुसऱ्या बाजूला नुसतं हिरवं. जंगलाला खेटून शहर किती आलंय, ते एका नजरेत कळतं.

मेन कोर्स : कान्हेरी

गेटपासून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. चालत जा, नाहीतर सायकलने. बसही आहे, पण झाडीतला हा रस्ता बसमधून उरकण्यासारखा नाही.

वर शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खूंचा राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या बुद्धाच्या दोन भव्य मूर्ती बघून बहुतेक जण फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही फिरू नका. कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी आणखी वर चढा. जवळपास प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाण्याचं टाकं दिसेल. शिलालेखांमध्ये त्याला 'पोढी' म्हटलंय. छतावरचं, उतारावरचं पाणी बारीक पन्हळींमधून टाक्यात आणायची सोय आहे. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये रेन वॉटर हार्वेस्टिंगचा ठराव दरवर्षी पुढे ढकलला जातो. इथल्या मंडळींनी तो विषय छिन्नीने संपवला होता!

दान देणाऱ्यांची नावंही दगडात आहेत. त्यात कल्याणचे व्यापारी आहेत. म्हणजे कल्याणहून इथे येण्याचा द्राविडी प्राणायाम तेव्हाही लोक करत होते. एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी कोरलेले. त्यांचा इतिहास झाला. तुम्ही बदाम काढून नाव कोरलंत तर गुन्हा होईल, एवढं ध्यानात असू द्या.

पार माथ्यावर पोचलात आणि हवा स्वच्छ असली, की झाडीच्या मधोमध विहार आणि तुळशीचं पाणी चमकताना दिसतं. बॅगेतली बाटली इथेच उघडा.

हलकाफुलका : शिलोंडा

पक्षी, फुलपाखरं, कोळी आणि किडे यांत रस असेल तर ही वाट तुमची. फारसा चढ नाही, सोबतीला ओढा, डोक्यावर गर्द सावली. मात्र परवानगी काढून, गाइडबरोबरच जायचं. गाइड हवाच, कारण तुम्हाला वाळकं पान वाटेल ते त्याच्या नजरेला फुलपाखरू दिसतं.

वाटेत कारवी भेटेल. ही झुडपं आठ वर्षांनी एकदाच एकत्र फुलतात आणि डोंगर जांभळा होतो. पार्कात २०१६ मध्ये ती फुलली, मग २०२४ मध्ये. पुढचा बहर २०३२ मध्ये. होम लोनचा तक्ता काढून बघा, तोवर निम्मं तरी फिटलेलं असेल.

डेझर्ट : नागला

घोडबंदर रोडच्या पलीकडचा हा पार्कचा उत्तरेकडचा तुकडा. इथे तलाव नाही, वसईची खाडी आहे. जंगलातून चालता चालता एकदम खारं पाणी आणि खारफुटी समोर येते. इथेही परवानगी लागते आणि गर्दी जवळपास नसतेच.

काठ लांबच बरा

एवढं चालून तळ्यात पाय सोडून बसायचं नाही, हे ऐकून हिरमोड होईल. विहार आणि तुळशीच्या काठावर जायला मनाई आहे. पण ही मनाई आहे म्हणूनच हे जंगल उरलंय.

विहारचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये मुंबईला नळाचं पहिलं पाणी तिथून मिळालं. १८७९ मध्ये तुळशी आला. पाणी स्वच्छ राहायचं तर भोवतालचा डोंगर मोकळा हवा, म्हणून तलावांचं पाणलोट राखलं गेलं. पुढे तेच पार्कचा मोठा हिस्सा बनलं. मुंबईने पाण्यासाठी जंगल वाचवलं आणि बिबट्यासकट सगळं आपोआप वाचलं. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत इथे आणि लगतच्या आरेत मिळून ३५ बिबटे मोजले गेले होते.

आज हिशेब बदललाय. तुळशीत काठोकाठ भरल्यावर सुमारे ८०४ कोटी लिटर पाणी मावतं आणि मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर मिळतं. म्हणजे त्या ब्रेकिंग न्यूजमधला आख्खा तलाव आपण दोन दिवसांत संपवतो! बाकीचं भातसा-वैतरणेकडून लांबून येतं. मग पाण्यासाठी आता या जंगलाची गरज काय, असं कुणालाही वाटू शकेल.

त्याचं उत्तर ओव्हरफ्लोच्या पाण्यामागे गेलं की मिळतं. तुळशीतून सांडलेलं पाणी म्हणजे दहिसर नदी. विहारचं सांडलेलं पाणी पवईच्या पाण्याला मिळतं आणि मिठी नदी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हीच मिठी कुर्ल्या-कलिन्यातल्या घरांत शिरली. डोंगरावरची माती आणि झाडं पाऊस धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. तिथे काँक्रीट आलं तर तेच पाणी धावत खाली येईल, तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये.

ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. तो याच डोंगराच्या पोटातून जाणार आहे. घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्याला त्याची ओढ वाटणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण असे निर्णय होत असताना डोक्यावर काय आहे ते निदान एकदा पायाने पाहिलेलं असावं. नकाशावरचा हिरवा ठिपका आणि दम लागेपर्यंत चाललेलं जंगल यांत फरक असतो.

लक्षात ठेवा

कसं जाल? : बोरिवली स्टेशनवरून पूर्वेला रिक्षाने किंवा चालत. मेट्रोने येणार असाल तर 'राष्ट्रीय उद्यान' स्टेशन.

कधी? : ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सौंदर्य बेफाट, पण दगड निसरडे आणि ओढे फसवे. सोमवारी पार्क बंद.

काय न्याल? : दोन लिटर पाणी, टोपी, चांगली ग्रिप असलेले बूट. खाऊची पिशवी हातात नको, कान्हेरीची माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

काय टाळाल? : तळ्यात आणि ओढ्यात उतरणं (विहारमध्ये मगरी आहेत!), ब्लूटूथ स्पीकर, बाटल्या, अंधार पडताना एकटं फिरणं. आतल्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

आणि हो, पुढच्या जुलैत 'तुळशी ओव्हरफ्लो'ची पट्टी सरकली, की शेजारच्या डेस्कवर पत्ता सांगायला विसरू नका.