गोध्र्याची धूळ

विजय नगरमधल्या माझ्या छातीविकारांच्या दवाखान्यात एकाच सकाळी दोन तऱ्हेचे दम लागलेले लोक येतात. आयटी कंपनीतल्या मुलीला दमा आहे. तिच्याजवळ इन्हेलर आहे, कंपनीचा विमा आहे, हवा बिघडली की घरून काम करायची मुभा आहे. औषध नेमानं घेतलं तर ती निवृत्त होईपर्यंत नोकरी करील. तिच्यामागून येतो अलीराजपूरहून रात्रीच्या बसनं आलेला तिशीतला माणूस. एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबतो. टीबीचा कोर्स दोनदा झालाय, दम तसाच.

एक्स-रे बघण्याआधीच मी विचारतो, "काम कहाँ करते थे?"

"गोधरा. पत्थर की फैक्ट्री."

गुजरातच्या गोध्रा-बालासिनोर भागात काचेसाठी गारगोटी दळून तिची पूड करतात. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धारचे भिल-भिलाला मजूर ती पोत्यांत भरायला जात. पावसाळ्यानंतर गावात काम नसतं, म्हणून. पिठाच्या गिरणीसारखी धूळ, तोंडाला फार तर गमछा. फुप्फुसातल्या पेशी हे कण गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात. तिथं घट्ट व्रण उरतो. हाच सिलिकोसिस. एरवी तो व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. इथे काही महिन्यांच्या मजुरीनं तरुण पोरं गेली. काम सोडलं तरी आजार वाढतच राहतो, त्यावर उतारा नाही. अशा फुप्फुसाला टीबी लवकर जडतो, आणि डॉक्टरही पुष्कळदा टीबीपाशीच थांबतात. कामाचं कुणी विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

2010 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं भरपाईची शिफारस केली. 4 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातला 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितलं. जे जिवंत होते त्यांचं पुनर्वसन मध्य प्रदेशाकडे आलं. म्हणजे कमाई एका राज्यात झाली आणि धाप दुसऱ्या राज्याच्या वाट्याला आली. शेजारच्या राजस्थाननं 2019 मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केलं: प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. इतर ठिकाणी रुग्णाला आधी सिद्ध करावं लागतं, की मी तिथं कामाला होतो. कशानं? हजेरीची चिठ्ठीसुद्धा कुणी दिलेली नसते; आणि 2011 च्या जनगणनेत ज्या अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता 36 टक्के होती, तिथल्या माणसाकडे आपण कागद मागतो.

माझ्यासमोरच्या या माणसाला आता वखर धरवत नाही, बायको धरते. "बैठं काम करा, धुळीपासून लांब," मी म्हणालो. असं काम त्याच्या फळियात, म्हणजे पाड्यात, कुठलं, हे त्यानं विचारलं नाही. उठता उठता एवढंच म्हणाला, की धाकटा भाऊ गेल्या महिन्यात मोरबीला गेलाय, टाइल्सच्या कारखान्यात.

मी त्याला परत बसवलं, आणि तिथूनच भावाला फोन लावायला सांगितला.