स्वस्तातल्या भुतांचा इतिहास

१/ तारेला लटकलेल्या उडत्या तबकड्या, धक्का लागताच डुलणारी थडगी आणि एकाच प्रसंगात कधी दिवस, तर कधी रात्र. एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ची ही ख्याती. अशा जुन्या, तुटपुंज्या खर्चातल्या विज्ञानपटांवर आणि भयपटांवर आजही असंख्य रसिक जीव लावतात. हे प्रेम आले कोठून, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे का पाहावे, याविषयीचा हा थ्रेड.

२/ सुरुवात एका न्यायालयीन निकालापासून करावी लागते. अमेरिकेतील बडे स्टुडिओ चित्रपट काढत आणि ते दाखवणारी अनेक चित्रगृहेही त्यांच्याच मालकीची असत. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात या मक्तेदारीविरुद्ध निकाल दिला. त्याच सुमारास दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली. स्टुडिओ मोजक्या, भव्य चित्रपटांकडे वळले. मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणारा स्वस्त चित्रपट पुरवणार कोण, हा प्रश्न उरला.

३/ ती जागा छोट्या निर्मात्यांनी घेतली. जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेल्या कंपनीत अनेकदा आधी नाव आणि पोस्टर ठरे, पटकथा मागाहून लिहिली जाई. गिऱ्हाईक ठरलेले होते: मोटारीत बसून उघड्या मैदानावर सिनेमा पाहणारी तरुण मुले. रॉजर कॉर्मन यांनी तर ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे (१९६०) मुख्य चित्रीकरण दुसऱ्या चित्रपटाच्या उरलेल्या सेटवर अवघ्या काही दिवसांत उरकले.

४/ पण धंदा चालणे वेगळे आणि प्रेम जडणे वेगळे. ते प्रेम दूरचित्रवाणीने रुजवले. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने भयपट आणि रहस्यपट ‘शॉक’ या नावाने एकगठ्ठा स्थानिक वाहिन्यांना देण्यात आले. रात्री उशिरा भुताच्या वेशातला सूत्रसंचालक ते सादर करी आणि मुले डोळे ताणून पाहत. पुढच्याच वर्षी ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक निघाले. स्टुडिओंनी अडगळ म्हणून विकलेला माल एका पिढीचे बालपण झाला.

५/ या सूत्रसंचालकांची पूर्वसूरी म्हणजे ‘व्हँपायरा’. लॉस एंजेलिसमध्ये १९५४ पासून मायला नुर्मी हे पात्र साकारत. कार्यक्रम थेट प्रसारित होई, मुद्रण जपून ठेवण्याचा विचार कोणी केला नाही. आज त्याचे काही तुकडेच शिल्लक आहेत. जे क्षुल्लक मानले जाते, त्याची पहिली शिक्षा ही असते.

६/ आता पुन्हा ‘प्लॅन नाइन’कडे. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ने जगप्रसिद्ध झालेले बेला लुगोसी उतारवयात विपन्नावस्थेत होते. १९५६ मध्ये ते वारले. वुड यांच्यापाशी त्यांची मोजकी दृश्ये होती. उरलेल्या भागात दुसरा माणूस चेहऱ्यासमोर झगा धरून वावरतो. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकाने हा चित्रपट ‘आजवरचा सर्वांत वाईट’ ठरवला आणि तो हसण्यासाठी पाहिला जाऊ लागला.

७/ या हसण्याने चित्रपट जिवंत राहिला, हे मान्य करावे लागेल. पण झग्याआडच्या माणसाला हसणाऱ्याच्या नजरेतून बरेचदा एक गोष्ट निसटते: त्या मोजक्या दृश्यांत एक थकलेला नट शेवटचे काम करत आहे. खरा चाहता हसतोही आणि त्या नटासाठी थांबतोही.

८/ येथे मराठी वाचकाला एक तुलना सहज सुचेल. बखरकाराला आपण कोणासाठी लिहितो, हे ठाऊक असते, म्हणून तो शब्द सजवतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेल्या हिशेबांच्या कागदांना वाचकाची कल्पनाच नसते. म्हणून ते नकळत खरे बोलून जातात. भव्य चित्रपट बखरीसारखा असतो, स्वस्त चित्रपट हिशेबाच्या कागदासारखा. आपला काळ झाकायला त्याच्याजवळ पैसाच नसतो.

९/ याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तो उभा केला. घर पाडायला काढलेले, रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप, आणि प्रेतांचा माग काढणाऱ्या पथकात आसपासचीच माणसे.

१०/ नायक बेन ही भूमिका कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेली नव्हती. चाचणीत ड्वेन जोन्स सरस ठरले, म्हणून ती त्यांना मिळाली. बेन रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी सुटकेला आलेल्या गोऱ्यांच्या गोळीने मरतो. अखेरीस वृत्तपत्रातील छायाचित्रांसारख्या खरखरीत स्थिरचित्रांतून त्याचे प्रेत आकड्यांनी ओढून नेलेले दिसते.

११/ ४ एप्रिल १९६८ रोजी रोमेरो आणि त्यांचे सहकारी तयार प्रत घेऊन मोटारीने न्यूयॉर्ककडे निघाले होते. वाटेत रेडिओवर बातमी आली: मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. चित्रपटातला एकही फ्रेम बदलला नव्हता, पण त्याचा अर्थ त्या रात्री बदलला. झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांची छायाचित्रे ज्या देशाने पाहिली होती, त्याला ती स्थिरचित्रे परकी वाटणे शक्यच नव्हते.

१२/ पुढे वितरकाने शीर्षक बदलले आणि त्या गडबडीत स्वामित्वहक्काची सूचना गळाली. तेव्हाच्या कायद्यानुसार चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. कर्त्यांचे मोठे नुकसान झाले. मात्र कोणीही प्रती काढू शकत असल्याने तो सर्वदूर पोहोचला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची नोंद झाली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली.

१३/ असाच धागा आपल्याकडेही सापडतो. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या रामसे कुटुंबाचा मूळ व्यवसाय रेडिओचा. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला, पण मुखवटा घातलेल्या चोराच्या दृश्याला प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले. त्यातून महाबळेश्वरात चित्रित झालेला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) जन्मला. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी ही कामे सात भावांनी वाटून घेतली. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी छोट्या गावांतली चित्रगृहे भरत राहिली.

१४/ इतिहासात काय टिकते, हे पुष्कळदा कोणाचे कशावर प्रेम होते, यावर ठरते. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) त्याच्या काळी गाजला, तरी आज त्याची एकही प्रत हाती नाही. ‘प्लॅन नाइन’ मात्र आहे, कारण काही वेड्या चाहत्यांनी तो पुन्हापुन्हा मागितला. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण संग्रहालयापर्यंत पोहोचण्याआधी प्रत्येक रिळाला कोणीतरी अडगळीतून उचलावे लागते. चाहत्याचे प्रेम हे त्या उचलण्याचे दुसरे नाव आहे.

(थ्रेड समाप्त)