संत्रं, दोरा आणि माळशेज

नारायणगाव, जुलै, पहाटेचे पाच

लेकीला सहारच्या विमानतळावर सोडून आत्ता घरी पोचले. झोप येणार नाही.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना थोडे कमी, कारण उंचावरचा पश्चिमी वारा तेव्हा पाठीशी असतो. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ सर्वांत जवळची नसते. खरी जवळची वाट उत्तरेकडे कमानीसारखी वाकते. हे तिने मला संत्र्यावर दोरा ताणून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

आणि आमचा रस्ता? पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, म्हणून मुंबई. जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर, पण माळशेजच्या धुक्यात गाडी रांगत होती. दोन वाजता विमान सुटलं. आम्ही घाट चढून येईतो तिने अडीच हजार किलोमीटर मागे टाकले असतील.

शेजारच्या नाणेघाटाने सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल जुन्नरला चढायचा. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. बैलाची दिवसाची चाल वीसेक किलोमीटर धरली, तरी चार-पाच मुक्काम. त्या व्यापाऱ्यांना आमचं रांगणं म्हणजे चैनच वाटली असती!

मंचरच्या मामीने रात्री मासवड्या करून दिल्यात. लंडनचं घड्याळ सध्या साडेचार तास मागे. पण मासवडीला कुठलं घड्याळ. ती आपले खरे तास मोजत आंबणार. डबा गार झाल्यावर बंद केला होता ना मी?